झेलणारीचे हात

थोरलीने जग आधी उलटं पाहिलं, सुलटं फार उशिरा.

जन्माला ती चारचौघींसारखीच आली होती. रांगली, चालली, बडबडली, सगळं वेळच्या वेळी. पण कळू लागलं तशी सर्कशीच्या उस्तादांनी तिला झुल्याच्या दांडीला गुडघ्यांनी लटकवलं आणि म्हणाले, "पोरी, आजपासून हे तुझं घर. या घरात जमीन वर आणि आभाळ खाली. पाहुणे येतील ते उडत येतील. तू फक्त झेलायचं."

झुल्यावर दोन प्रकारची माणसं असतात, एक उडणारी आणि एक झेलणारी. उडणारीला टाळ्या मिळतात, झेलणारीला पोटऱ्यांवर वळ. थोरलीने कधी तक्रार केली नाही. समोरच्या झुल्यावरून धाकटी बहीण सुटायची, हवेत गिरकी घ्यायची, आणि दोघींच्या मनगटांची गाठ पडायची, तो एक क्षण असा असे की तंबूतले सगळे दिवे आणि सगळे श्वास त्यांच्या त्या गाठीत बांधलेले. तिला वाटायचं, आपण जन्मलो ते एवढ्याचसाठी.

उलटं लटकल्यावर माणसाचं तोंडही उलटं दिसतं. हनुवटी वर, कपाळ खाली. हसणाऱ्याच्या ओठांचे कोपरे खाली वळलेले दिसतात आणि रडवेल्याचे वर. सुरुवातीला थोरलीचा गोंधळ उडायचा. मग डोळ्यांना वळण लागलं. कोपरे खाली दिसले की हसू, वर दिसले की रडू. पुढे पुढे आपण काही उलटवून वाचतो आहोत हेही ती विसरली, जसं आपण श्वास घेतो हे विसरतो.

तंबूत तिला सगळे 'वाघूळ' म्हणत. विदूषक तेवढा हात जोडून 'वाघूळताई' म्हणायचा. "वाघूळताई, तुमच्याकडे जेवायला यायचं म्हणतो, पण ताट धरायचं कसं तेवढं सांगा."

त्यांची आई जाळी सांभाळायची. खेळ नसला की तंबूच्या मधोमध मांडी घालून बसायची आणि झिजलेली दोरी काढून नवी गाठ मारायची. गाठ मारताना गुणगुणायची.

"उंच गेला झोका, ढगाला लागे पाय,
सुटला जरी हात, खाली जाळी माझी माय."

आणि मग थोरलीकडे बघून नाक मुरडायची. "मी मेली बोटं झिजवून जाळी विणते, आणि ही कुणाला पडूच देत नाही! माझ्या जाळीत आजवर पडलं काय, तर विदूषकाची टोपी."

आई गेली. जाळी राहिली. आणि मग एका संध्याकाळच्या खेळात धाकटीचं मनगट थोरलीच्या बोटांतून निसटलं.

हाताला लावायची पांढरी भुकटी कमी पडली असेल, घाम असेल, अर्धा श्वास इकडचा तिकडे झाला असेल. थोरलीच्या हातात नुसती हवा आली. तिने मान मागे टाकून खाली पाहिलं. जाळी हिंदकळत होती, जाळीत धाकटी पाठीवर पडली होती, आणि तिच्या ओठांचे दोन्ही कोपरे वर गेले होते. वर. म्हणजे रडू. अंग हुंदक्यांनी गदगदत होतं. खेळ थांबला नाही, बँड वाजतच राहिला, पण थोरलीच्या आत काहीतरी त्या क्षणी लटकलं ते लटकलंच.

त्याच हंगामाच्या शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, मी खाली उतरते."

थोरलीने का म्हणून विचारलं नाही. तिला माहीतच होतं. ती म्हणाली, "बरं." एवढं मोठं आभाळ त्या एका शब्दात घडी घालून ठेवून दिलं.

त्यानंतर दुसऱ्या मुली उडायला आल्या आणि थोरली त्यांना झेलत राहिली. पण आता ती थांबेनाशी झाली. मुलगी सुटायच्या आधीच हिचे हात पुढे धावायचे. उस्ताद खालून ओरडायचे, "अगं, तिला येऊ तरी दे!" ऐकतंय कोण. असंच एकदा पुढे झेपावताना खांद्यात कट्कन आवाज झाला. तो खांदा पुढे धड राहिला नाही. तंबूही हळूहळू आकसत गेला, जत्रेत हरवलेल्या फुग्यासारखा, आणि एक दिवस थोरली ट्रंक घेऊन धाकटीच्या दारात उभी राहिली.

"ये," धाकटी म्हणाली. "इथे छत खालीच आहे, डोकं सांभाळ."

*

धाकटीचं केस कापायचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. आला की "ताई, बरं झालं तुम्ही आलात, आता ही मला कमी ओरडेल," म्हणायचा आणि जेवून झोपायचा.

दुकानात केस कापायला एक मॅडम यायच्या. आजारातून उठलेल्यांना, पडलेल्यांना, अर्धांगवायू झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्याचं त्यांचं काम. एकदा डोकं मागे टेकवून बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "मला माणूस हवंय. खंबीर हातांचं."

धाकटीची कात्री थांबली. "मॅडम, माझ्या बहिणीच्या हातांनी आख्खी सर्कस तोलली आहे."

अशी थोरली त्या खोलीत आली.

खोली लांबट होती. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. मध्ये कमरेएवढ्या उंचीच्या दोन दांड्या समोरासमोर, आगगाडीच्या रुळांसारख्या, आणि त्यांच्यामधून चालायची वाट. कोपऱ्यात निळ्या गाद्यांची चळत. आणि खिडकीपाशी एक लाकडी जिना: चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली, कुठेही न जाणारा. सकाळचं ऊन त्या जिन्यावर चढायचं आणि दुपारपर्यंत पलीकडून उतरायचं. थोरलीला ती खोली पाहताच ओळखीची वाटली. इथेही माणसं एका टोकाकडून सुटत होती आणि दुसऱ्या टोकाकडे पोचायच्या आधी मध्येच कुठेतरी, हवेत, एकटी होती.

मॅडम वयाने तिच्यापेक्षा लहान, बोलायला तिखट, हसायला मोकळ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी एक रुंद पट्टा दाखवला. "हा माणसाच्या कमरेला बांधायचा. चालताना आपला हात पट्ट्यापाशी. पट्ट्यावर नाही. पट्ट्यापाशी. कळलं?"

"कळलं."

कळलं होतं, पण हातांना नव्हतं.

कुणाचा पाय जरा अडखळला, कुणाचा तोल चिमूटभर कलला, की थोरलीचे हात पुढे. बगलेत, कोपराखाली, पाठीमागे. माणूस कलायच्या आधीच सावरलेला असे. लोकांना ती फार आवडायची. "आज ताई आहेत का?" असं विचारत यायचे. ताईंच्या हातात असलं की जमीन गादीसारखी वाटते, एक आजी म्हणाल्या होत्या. थोरलीला ते ऐकून गोड वाटलं. मॅडमनी तेव्हा नुसतं पाहिलं.

कंडक्टरकाका आले ते चाकाच्या खुर्चीत, पण थाट असा की खुर्ची यांच्या मालकीची बस. सगळं आयुष्य त्यांनी बसमध्ये उभ्याने काढलं होतं. आता डावा पाय रुसला होता. त्यांचं घर बसथांब्यासमोरच वरच्या मजल्यावर होतं, आणि सुनेने खालच्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा पलंग मांडला होता. "तिथून मला बसचा फक्त आवाज येतो," ते म्हणाले. "कुठली बस आहे ते मी आवाजावरून सांगतो, पण पाटी दिसल्याशिवाय मजा नाही. मला वर जायचंय, ताई. माझ्या पायांनी."

"जाल की, काका."

"बघा हं. तिकीट काढलंय मी."

दांड्यांच्या मधून ते चालायला लागले की बोलायचेही. "काय मजा आहे बघा. गाडी हलायची, वळायची, ब्रेक मारायची, आणि मी दांडी न धरता उभा. एका हातात तिकिटं, दुसऱ्यात सुटे पैसे. आता जमीन जागच्या जागी आहे तर मीच हलतोय." मग आवाज खाली यायचा. "ताई, पडलो तर?"

"मी पडू देणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

आणि ती त्यांना पडू देत नव्हती. ते सगळा भार तिच्या बऱ्या खांद्यावर टाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, झोपेत चालल्यासारखे, आणि पोचल्यावर टाळी मागायचे. पण एके दिवशी थोरली दात दुखतो म्हणून आली नाही, तर काका दांड्यांपाशी उभेच राहिले. पाऊल उचलेनात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला खिडकीपाशी, त्या कुठेही न जाणाऱ्या जिन्यावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

"ताई, तुमच्याबरोबर सगळे चालतात."

थोरली जराशी हसली.

"तुमच्याशिवाय कुणीच चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

हसू तिथेच विरलं.

"माया आहे तुम्हाला, ते दिसतं. पण मला यांना घरी पाठवायचंय, आणि घरी तुम्ही नसणार. शनिवारी काकांना दांड्यांच्या बाहेर चालवायचं. पट्टा माझ्याकडे, खाली गाद्या. तुम्ही समोर उभं राहायचं, हात मागे बांधून. त्यांनी तुमच्याकडे यायचं. हात मागे राहिले तर ही खोली तुमची. नाही राहिले..." त्या थांबल्या, आणि मग त्यांच्याच्याने राहवलं नाही. "नाही राहिले तर तळघरात धुलाईखाना आहे. तिथे चादरी झेला, हव्या तेवढ्या. तिथे तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

थोरली धुलाईखाना बघून आली होती. वाफ, गरगरणारी यंत्रं, पांढऱ्या चादरींचे ढीग. तिथे कुणी कुणाकडे येत नाही. तिथून कुणी कुठे जात नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला उंचीची भीती वाटावी तशी त्या खोलीची भीती वाटली.

*

त्या संध्याकाळी दुकान बंद करून दोघी वर चहा पीत बसल्या होत्या. धाकटी दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होती. हातवारे करता करता तिच्या कोपराचा धक्का लागला आणि कप टेबलावरून घसरला. घसरला म्हणेपर्यंत तो थोरलीच्या हातात होता. चहाचा थेंब सांडला नव्हता.

"झालं!" धाकटीने कपाळावर हात मारला. "अगं, पडू दे ना एकदा! कप माझा आहे!"

"फुटला असता."

"फुटू दे! मला सांग, या घरात तू आल्यापासून काय फुटलंय? काही नाही. मला वाटायला लागलंय की माझ्या वस्तूंना आता मरणच नाही."

थोरलीने कप टेबलावर ठेवला. शनिवारचं सगळं तिने धाकटीला घरी आल्या आल्याच सांगितलं होतं, आणि आता ते दोघींच्या मध्ये येऊन बसलं.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "माझे हात ऐकत नाहीत."

"पूर्वी ऐकायचे. पूर्वी तू कशी थांबायचीस! मी सुटून आले तरी तू आपली संथ, नदीच्या पाण्यासारखी. तुझ्याकडे यायचं म्हणजे यावंच लागायचं. काय झालं त्या हातांना?"

"तुला माहीत नाही?"

"नाही."

थोरली बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तू सुटलीस ना त्या दिवशी. माझ्या हातून."

"हो. मग?"

"मग काय! घाबरलीस. उडणं सोडून दिलंस. एवढी वर्षं त्यावर कधी बोललो नाही आपण, पण मला काय दिसलं नाही होय? जाळीत पडल्या पडल्या रडत होतीस तू. ओक्साबोक्शी."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. केस विंचरता विंचरता कंगवा कुठल्याशा गुंत्यात अडकावा तशी.

"मी? रडत?"

"मी पाहिलं ना."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मी हसत होते."

"उगीच समजूत नको काढू माझी."

"अगं, तुझी शप्पथ! पोट धरून हसत होते. दोन दिवस बरगड्या दुखत होत्या, हसून."

"मी तुझं तोंड पाहिलंय, चिमणे. कोपरे वर गेलेले. मला अजून दिसतं, डोळे मिटले की दिसतं. झोपेतसुद्धा दिसतं."

"कोपरे वर गेलेले म्हणजे हसूच की गं!"

"खाली उभं राहून बघितलं तर. मी उलटी होते. मला वर म्हणजे रडू."

 धाकटी उठली आणि दिवा लावायचं सोडून खिडकीतून बाहेर बघत राहिली, तिच्या ओठांचा चाळा चाललेला, जणू हवेतच कुणाला उलटसुलट करून बघते आहे.

"उद्या पहाटे बागेत चल," ती म्हणाली. "दुकान उघडायच्या आधी. आणि सलवार घाल."

*

बागेत धुकं होतं. झाडांना नुसते बुंधे होते, वरचं सगळं कुणीतरी पुसून टाकलेलं. मुलांच्या खेळायच्या जागेत एक लोखंडी दांडी होती, दोन खांबांवर आडवी टाकलेली, दवाने भिजलेली. दूरवर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. कुत्रा थांबून या दोघींकडे बघायला लागला. माणसाने सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

"लटक," धाकटी म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? या वयात?"

"खांदा गेलाय, गुडघे नाही गेलेत. लटक, वाघूळताई."

ते नाव ऐकलं आणि थोरलीला हसू आलं, आणि हसता हसता तिने दांडीवरून पाय टाकले. गुडघ्यांना लोखंड लागलं. गार, ओळखीचं. तिने अंग सोडलं. आणि जमीन वर गेली, धुकं खाली आलं, वेणी लोंबायला लागली आणि कानांत ते जुनं रक्ताचं गाणं सुरू झालं. इतक्या दिवसांनी ती घरी आली होती.

"आता मी बघ, समोरून येते," धाकटी समोर उभी राहिली आणि तिने तोंडभर हसून दाखवलं. "कोपरे कुठे?"

"खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे हसतेस."

"बरोबर. समोरून येणारी उभी असते, तू उलटी असतेस, म्हणून. आता नीट बघ हं." धाकटी ओल्या गवतावर खुशाल पाठीवर आडवी झाली. "मी सुटले तेव्हा तुझ्याच दिशेने येत होते ना? पाठीवर पडले. मग डोकं कुठल्या बाजूला?"

थोरलीने मान मागे टाकून खाली पाहिलं.

धाकटीचं डोकं तिच्या बाजूला होतं, पाय पलीकडे. आणि धाकटीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर सरळ होता. कपाळ वर, हनुवटी खाली. जसा स्वयंपाकघरात दिसतो, जसा दुकानातल्या आरशात दिसतो. त्या चेहऱ्यावर धाकटी हसत होती, आणि ओठांचे कोपरे वर गेले होते, आणि ते हसूच होतं. तिथे उलटवण्यासारखं काही नव्हतंच. सवयीने तिने उलटवलं होतं. सगळं आयुष्य उलटं वाचून वाचून, एकदाच जे सुलटं समोर आलं, तेवढं नेमकं तिने उलटं वाचलं होतं.

"आणि अंग गदगदत होतं ते?" ती उलट्यानेच म्हणाली. 

"हसताना गदगदतंच अंग, बाई!" धाकटी गवतावर पडूनच बोलत राहिली, आभाळाशी बोलावं तसं. "मी पडले ना, ताई, तर आईच्या गाठी पाठीला लागल्या. एकेक. मी बोटांनी चाचपल्या. इतकी वर्षं आपण त्यांच्यावरून उडत होतो, एकदा कुणी टेकलं म्हणून नाही. आणि मला तिचं ते बोलणं आठवलं, माझ्या जाळीत आजवर पडलं काय, तर विदूषकाची टोपी. मला वाटलं, आई, बघ, आले गं एकदाची. आणि जे हसू सुटलं ते सुटलंच. त्या दिवशी कळलं की खालीसुद्धा कुणीतरी आहे. मग मला बघावंसं वाटलं, खाली आणखी काय काय आहे. म्हणून उतरले. घाबरून नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कशी? तू खाली उतरलीस ती अशी बघत होतीस माझ्याकडे, जणू मी मेलेच आहे आणि तुलाच तेवढं कळलंय. हसून सांगायची सोय होती का?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी निघालं. उलट्या माणसाचं पाणी गालांवरून येत नाही. ते कपाळावरून जातं आणि केसांत हरवतं. तिने ते जाऊ दिलं. वर, खाली, कुठेतरी, कुत्र्याचा माणूस त्याला ओढून नेत होता.

मग धाकटी उठली आणि शेजारच्या मुलांच्या झोक्यावर जाऊन बसली. झोका कुरकुरत निघाला. ती बेसूरच गुणगुणायला लागली, आईच्या चालीवर. हे कडवंही आईचंच होतं, उस्तादांच्या शिकवणीवर रचलेलं, थोरली लहान असताना तिच्या कानात घालून ठेवलेलं.

"येणारीने यावं, थांबणारीने थांबावं,
मधलं एवढं आभाळ, तिचं तिने पार करावं."

थोरली दांडीला लटकून ऐकत राहिली. झोका जवळ यायचा, दूर जायचा. जवळ आला की तिचे हात हलायचे. मग हलायचे थोडे कमी. मग ते नुसते लोंबत राहिले, पाण्यात सोडलेल्या वेलीसारखे, आणि झोका येत राहिला आणि जात राहिला.

*

शनिवारी खोलीत ऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर होतं.

दांड्यांपासून खिडकीपर्यंत गाद्या अंथरल्या होत्या. मॅडम काकांच्या मागे, दोन बोटं पट्ट्यापाशी. थोरली समोर, बऱ्याच अंतरावर, हात पाठीमागे. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. तिला तिच्याच मनगटाची नाडी लागत होती.

काका दांडी सोडायला तयार नव्हते. "ताई, इतक्या लांब? रिझर्व्हेशन केलंय का तुम्ही तिथे?"

"तुमच्यासाठी जागा धरून उभी आहे."

"पडलो तर?"

तिच्या जिभेवर जुनं उत्तर आलं. ते तिने गिळलं. "पडलात तर गादी आहे, काका. मऊ आहे. मी आत्ताच पडून बघितलं."

हे खरं होतं. मॅडमनी आत येऊन तिला गादीवर पसरलेली पाहिलं होतं आणि न बोलता पुन्हा दार लावून घेतलं होतं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, दांडी सोडली आणि पाऊल टाकलं. उजवं. मग डावं, जरा ओढत, घरी यायला नाराज पोरासारखं. खोली एकदम फार उंच झाली. थोरलीला वाटलं, वर कुठेतरी दिवे आहेत आणि खाली कुणीतरी श्वास रोखून बसलं आहे. तिच्या आत झुला हलायला लागला. पुढे, मागे. पुढे, मागे. येणारीने यावं. काकांचं उजवं पाऊल. थांबणारीने थांबावं. डावं.

आणि मध्यावर डावा गुडघा मुडपला.

थोरलीचे हात पाठीमागे उसळले. तिने बोटं आवळली, नखं रुतली. तेवढ्यात मॅडमनी पट्टा धरून काकांना हळूहळू, पिसासारखं, गादीवर उतरवलं. काका आधी पुढे कुशीवर टेकले, मग वळून पाठीवर आडवे झाले. डोकं थोरलीच्या बाजूला.

तिच्यासमोर त्यांचा चेहरा मात्र उलटा होता. या वेळी ती पायांवर उभी होती, आणि कपाळ तिच्याकडे, हनुवटी पलीकडे. ओठांचे कोपरे खाली वळलेले. अंग गदगदत होतं. ती घाईने काहीच म्हणाली नाही, कुठेच धावली नाही. ती वाकली आणि नीट बघितलं, एखादं अक्षर लावून वाचावं तसं.

"काय झालं, काका?"

"शेवटचा थांबा!" काका हसू दाबत म्हणाले आणि मग ते त्यांना दाबवेना. "आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, उतरा, शेवटचा थांबा. आज मीच उतरलो! एवढंच होतं होय पडणं? याला मी महिनाभर घाबरत होतो?"

मॅडमही हसत होत्या. थोरली सरळ उभी राहिली. तिचे हात अजून मागेच होते, आणि ते तिला एकदम फार हलके वाटले, धुऊन वाळत घातल्यासारखे.

काका कुशीवर वळले. गुडघ्यावर आले, रांगत मागे दांडीपर्यंत गेले. दांडीचा आधार घेऊन उठायला त्यांना वेळ लागला, आणि तो वेळ कुणी त्यांच्याकडून काढून घेतला नाही. मग ते पुन्हा दांडी सोडून निघाले. मध्यावर पुन्हा तोल गेला, पण या वेळी त्यांचे पाय आपोआप फाकले, गुडघे सैल झाले, कंबर जराशी मागे गेली, बसने ब्रेक मारल्यासारखी. आणि बस थांबली. आणि पुन्हा निघाली.

ते जवळ आले. आणखी जवळ. आता हात लांबवला असता तर मनगटाला मनगट लागलं असतं. थोरली त्यांच्या वाटेत उभी होती, खिडकी तिच्या पाठीशी होती, आणि खिडकीतून खाली रस्ता दिसत होता.

काका थांबले. दम लागलेला, कपाळावर घाम, पण आवाज मात्र नोकरीतला, खणखणीत.

"ताई, पुढे सरका. दारात गर्दी करू नका. आत भरपूर जागा आहे."

थोरली बाजूला सरकली. काका तिच्याजवळून गेले, बाहीला बाही लागली इतक्या जवळून, आणि खिडकीच्या चौकटीवर हात टेकून खाली बघायला लागले. खाली एक बस येत होती. त्यांनी डोळे बारीक करून पाटी वाचली, आणि मोठ्याने सांगितली.